पुलाच्या अलीकडची हाक

कडावच्या नाक्यावर माझी गाडी उभी असते. सतरा वर्षं झाली. आधी मिनीडोअर होती, आता इको आहे. या गाडीत म्हशीचं रेडकू बसलंय, नवरदेव बसलाय, एकदा तर मंडपाचा अख्खा लाऊडस्पीकर बसलाय. पण मला गाडी चालवायला कुणी शिकवलं म्हणाल, तर आनंदीकाकीने. आरटीओने नुसतं लायसन दिलं.

काकीला ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हे आजही सांगता येणार नाही. पण तान्हं बाळ गाडीत असलं की गाडी कुठे हळू करायची, कुठे थांबवायची, कुठे हॉर्नला हात लावायचा नाही, हा सगळा कायदा तिचा. कडावात आणि आसपासच्या पाच-सहा गावांत पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, की सव्वा महिन्याने तिला बाळासकट सासरी पोचवायला सोबत आनंदीकाकीच लागायची. पोरीची सख्खी आई गाडीत बसलेली असली, तरी काकी हवीच. तिच्या येण्याआधी गाडी सुरू केलेली कुणाला चालायची नाही. मला तर मुळीच नाही, कारण एकदा केली होती आणि पुढे महिनाभर ती बोलणी मी खाल्ली.

तिची एक निळी चेनवाली पिशवी होती, कुठल्याशा भाताच्या बियाण्याबरोबर फुकट मिळालेली. तिच्यात एक छोटा विळा, फडक्यात गुंडाळलेली अर्धी भाकरी, मीठ-मोहरीची पुरचुंडी, वावडिंगाची डबी आणि जुन्या लुगड्याची चार-पाच मऊ दुपटी. विळा बाळाच्या पाठीखाली दुपट्यात गुंडाळून ठेवायचा, लोखंड जवळ असावं म्हणून. चार फाटा आला की बाळाच्या तोंडावर पदर ओढायचा आणि भाकरीचा तुकडा खिडकीतून टाकायचा. कर्जतच्या चार फाट्यावर चारी बाजूंनी डंपर येतात, मागचा बसवाला शिव्या घालतो, आणि ही आपली निवांत भाकरी मोडते आहे. "काकी, जरा लवकर," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं होतं, "तुला घाई आसंल तर तू पुढं जा, गाडी ऱ्हाऊ दे."

मग उल्हास नदीचा पूल. पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं. काकी खिडकी खाली करायची, ज्या रस्त्याने आलो तिकडे तोंड करायची आणि हाक मारायची. "चल गं बाय, चल, पाठी राहू नको." तीन वेळा. मुलगा असला तर "चल रं बाळा". तिन्ही हाका एकाच चालीत, शेवटची जरा लांबवलेली. एकदा मी वैतागून विचारलं, की बाळ तर मांडीवर आहे, मग हाक कुणाला मारतेस? तर म्हणाली, "पोर आंगानं पुढं जातं, त्याचा जीव पाठी खेळत ऱ्हातो. पाण्यापाशी आला की बिचकतो. मोठ्या मान्साचा जीव येतो आपला आपण, ल्हान्याला बोलवून घ्यावा लागतो." मी म्हटलं, माझ्या क्लचप्लेटचाही जीव पाठी राहतो दर वेळी, तिलाही एक हाक मार. ती हसली नाही. या बाबतीत तिला थट्टा चालायची नाही.

का चालायची नाही ते मला फार उशिरा कळलं. काकीचं पहिलं मूल मुलगा होता. तिचं माहेर खालापूरच्या बाजूला, मूल तिकडेच झालं. वीस दिवसांचं होतं तेव्हा सासूने, मला बरं नाही, सुनेला पाठवा, असा निरोप धाडला. लावणीचे दिवस होते, घरात हात कमी पडत होते, खरं कारण तेच. आणायला गेले ते बैलगाडी घेऊन. भर पावसात, नदी ओलांडून, वीस दिवसांचं पोर घेऊन काकी आली. तिसऱ्या दिवशी पोर तापलं आणि चौथ्या दिवशी गेलं. सगळं गाव म्हणालं, सव्वा महिना थांबायला हवं होतं. सासूही तेच म्हणाली. काकीच्या मनावर ते वाक्य कायमचं कोरलं गेलं. त्यानंतर चाळीस वर्षांत तिने कुणाचं बाळ सव्वा महिन्याच्या आत पाण्यापार जाऊ दिलं नाही. आता बाळंतपणं कर्जतच्या दवाखान्यात होतात, तिसऱ्या दिवशी बाळ पूल ओलांडूनच कडावला येतं, असं मी एकदा दाखवून दिलं, तर म्हणाली, "त्ये घरी येनं हाय, जानं न्हवं." वकील व्हायला हवी होती.

शंभरावर बाळं तिने पोचवली. एकालाही वाटेत उलटी झाली नाही. तिच्या नावावर लोकांचा विश्वास बसला, आणि खरं सांगायचं तर माझाही बसला. गाडीत काकी असली की माझाच हात स्टिअरिंगवर हलका पडायचा.

मग तिची स्वतःची मुलगी, हर्षला, बाळंतपणाला आली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवरा ऋषिकेश खोपोलीला कारखान्यात, घर शिळफाट्याजवळ. सहा वर्षं काकीने सगळे उपास केले होते, आणि शंभर बायकांची पोरं मांडीवर घेताना आपल्या पोरीचं कधी, हा एकच विचार करत आली होती. डिसेंबरात कर्जतला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी मीच त्यांना घरी आणलं. काकीने पुलावर हाक मारली तेव्हा तिचा आवाज फुटला, तो पहिल्यांदाच. बाळाचं नाव ठेवलं सुरभी.

सुरभीचे डोळे पिवळे होते. तान्ह्या बाळांना होतं असं, कोवळ्या उन्हात धरा, चौदा दिवसांत कावीळ उतरली नाही तर परत आणा, असं दवाखान्यातून सांगून पाठवलं होतं. काकीने ऊन दाखवलं. दुसरं वाक्य तिने ऐकलं नव्हतं असं नाही, पण परत आणा म्हणजे नदी ओलांडून आणा, आणि ते सव्वा महिन्यानंतरच होणार, हे तिच्या डोक्यात आपोआप ठरलेलं होतं.

सतराव्या दिवशी आमच्या गावची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्याचं काम बघणारी सुनिता, माझ्याच गाडीतून उतरली आणि काकीच्या अंगणात गेली. मीही मागोमाग गेलो, पाणी प्यायला. बाळ उन्हात सुपाशेजारी निजवलं होतं. सुनिताने खालची पापणी ओढून पाहिली.

"काकी, सतरा दिस झाले. आता उतराया पायजे होती. रगत तपासाया लागंल. विलासभाऊंची गाडी दारातच हाय, आत्ताच जाऊ."

"सव्वा महिना व्हायचाय," काकी म्हणाली.

"त्ये खरं, पन डाक्टर म्हनलेत ना."

"डाक्टर आज हाय, उद्या बदली. पोर माजं हाय. एकदा घाई क्येली होती, पुरं झाली."

मीही वाकून पाहिलं. डोळ्यातलं पांढरं जिथे असतं तिथे हळद कालवल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, "काकी, सुनिता बरोबर बोलते. बस, तासाभरात परत आणून सोडतो."

"तू गाडी चालव, विलास. बाळाचं मी बघते."

मी तोंडाळ माणूस आहे. ट्रॅफिकच्या हवालदाराशी भांडलोय, ग्रामसेवकाशी भांडलोय, बायकोशी तर रोजच. पण त्या दिवशी पाणी पिऊन तांब्या ठेवला आणि निघालो. शंभर बाळं पोचवलेली बाई, तिची मुलगी, तिची नात, मध्ये बोलणारा मी कोण, असं वाटलं. आज विचार करतो तेव्हा स्वतःचा राग येतो, आणि त्या रागाचा कुणालाही उपयोग नाही.

निघताना अंगणातल्या दोरीवर दुपटी वाळत घातलेली दिसली. ओळीने आठ-दहा, सगळी पांढरी. काकी अभिमानाने म्हणाली, "बघ रं, एकावर डाग नाय. दुधावरचं पोर हाय, शी पन दुधासारखी." हर्षलाने दोनदा विचारलं होतं म्हणे, की आई, हिची शी अशी खडूसारखी का? तर काकी म्हणाली, दूध आंगी लागतंय, नशिबाची हायेस, माझी दुपटी घासून घासून बोटं फाटायची. ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तसं वाटलं होतं. तीच ती दुपटी रोज धुवत होती, रोज बघत होती.

सव्वा महिना झाला. पिवळेपणा वाढला होता. आता मात्र काकी घाबरली. पण घाबरली तेव्हा कर्जतला नाही गेली, येसाजीकडे गेली. आमच्या शिवेपलीकडच्या गावात येसाजी काविळीची माळ देतो. कुठल्याशा वेलीच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात असे गुंफलेले असतात की दोरा रोज थोडा सैल होतो. माळ डोक्यावर ठेवायची. ती वाढत वाढत गळ्यात येते, छातीवर, कमरेला, आणि शेवटी पायातून उतरते. माळ उतरली की कावीळ उतरली. मोठी माणसं बरी होतात आमच्याकडे, म्हणजे जी तशीही होणार असतात ती. माळेचा एक नियम असतो. अंगावर माळ असेपर्यंत पाणी ओलांडायचं नाही, नाहीतर तिचा गुण जातो. काकीला हा नियम सांगावाही लागला नसेल.

माळ गळ्यात आली, छातीवर आली. काकीने मला नाक्यावर येऊन सांगितलं, "उतरतेय रं." मला बरं वाटलं. मग पंधरा दिवस ती काही बोलली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पोटापाशी आडलीय."

माळ पोटावर अडली होती कारण सुरभीचं पोट फुगत होतं. दोरा सैल होत होता आणि पोट त्याच्या पुढे वाढत होतं. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं गोल. काकी म्हणायची बाळसं धरतंय, पण म्हणताना माझ्याकडे बघायची नाही. येसाजीने निरोप पाठवला, थांबा, घाई करू नका, माळ तोडायची नसते. ऋषिकेश दर रविवारी यायचा, सासूपुढे बोलायचा नाही, पोरीला घेऊन बसायचा आणि संध्याकाळी जायचा. त्याच्याही घरच्यांचा भरवसा माळेवरच. असे चाळीस दिवस गेले.

त्र्याऐंशीव्या दिवशी ऋषिकेश मधल्या वारी आला. त्याच्या कारखान्यातल्या कुणीतरी मोबाइलमधला फोटो पाहून त्याला कामावरून उठवून पाठवलं होतं. तो अंगणातूनच म्हणाला, "आई, मी तिला न्यायला आलोय. तुमी या नाहीतर नका येऊ." जन्मात पहिल्यांदा तो सासूशी असा बोलला असेल. काकीने पिशवी घेतली.

चार फाट्यावर भाकरी टाकली. पुलापाशी मी गाडी थांबवली, काकीने खिडकी खाली केली, पण हाक मारेना. बाळाच्या पोटावर माळ होती. माळेसकट पाणी ओलांडायचं नव्हतं आणि माळ तोडायची नव्हती. ती तशीच बसून राहिली. मागून ट्रकवाले बोंबलत होते. ऋषिकेश पुढून वळून म्हणाला, "आई." मग तिने पिशवीतून विळा काढला आणि माळ कापली. काड्यांचे तुकडे गाडीभर झाले. हाक मारली ती कुणाला ऐकूसुद्धा गेली नाही.

पळसदरीवरून खोपोली, तिथून शिळफाटा. तिथे लहान मुलांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. पिशवी घेऊन मीही आत गेलो. बाईंनी पोट तपासलं, डोळे पाहिले आणि विचारलं, "शी कुठल्या रंगाची होते?"

काकी म्हणाली, "पांढरी. स्वच्छ. पयल्यापासून."

बाईंनी लिहिता लिहिता पेन ठेवलं. "पहिल्यापासून?"

"व्हय. एकदा बी डाग नाय."

बाईंनी पेन परत उचललं. चिठ्ठी लिहिली आणि आत्ताच्या आत्ता मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणाल्या. मी त्याच गाडीने हायवे धरला. त्या दिवशी चौक गावापासून पुढे किती पूल लागले असतील, काकीने एकालाही हाक मारली नाही.

मुंबईला तीन दिवस तपासण्या झाल्या. मी दोनदा जाऊन आलो. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी आम्हा चौघांना बसवून कागदावर चित्र काढून सांगितलं. पित्त यकृतातून आतड्यात उतरतं, म्हणून शी पिवळी होते. हिची ती वाट जन्मापासूनच बंद आहे. दोन महिन्यांच्या आत आणलं असतं तर ऑपरेशन करून नवी वाट काढून बघता आली असती. आता यकृत दगडासारखं झालंय, त्याचा उपयोग नाही. दुसरं यकृत बसवायचं म्हटलं, तर आईच्या यकृताचा तुकडा चालेल, पण त्यासाठी बाळाचं वजन निदान सात किलो व्हायला हवं. सुरभी साडेचार किलोची होती.

खाली गाडीपाशी आलो तेव्हा काकीने मला बाजूला घेतलं.

"विलास, सव्वा महिना म्हंजे किती दिस रं?"

"चाळीस धर."

"आनि त्ये काय म्हनले, दोन महिने. म्हंजे साठ."

"हो."

"मंग सव्वा महिना झाल्यावर बी ईस दिस होते."

मी हो म्हटलं. ती बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिली, पण मोजायचं काही उरलं नव्हतं. ते वीस दिवस माळेत गेले होते.

त्यानंतर एकच ध्यास, सात किलो. हर्षला आता सासरीच राहिली, काकी दर सोमवारी माझ्या गाडीने शिळफाट्याला जायची. पिशवीत आता भाकरी-विळा नसायचा. अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, घरच्या म्हशीचं तूप, हर्षलाला दूध यावं म्हणून जे जे कुणी सांगेल ते सगळं. डॉक्टरीणबाईंकडे काट्यावर बाळ ठेवलं की काकी काट्याजवळ उभी राहायची, हात मागे धरून. साडेचार. पुढल्या सोमवारी चार सहाशे. मग चार सहाशेच. मग साडेचार. येताना गाडीत ती आकडाच बोलायची, दुसरं काही नाही. मी पाचवा गिअर टाकायचो आणि पळसदरीपर्यंत रेडिओ लावायचो, तर तो बंद करायची.

एप्रिलात एका सोमवारी काटा पाच शंभर दाखवू लागला. त्याच्या पुढल्या सोमवारी पाच सातशे. काकी बाहेर आली ती जवळजवळ पळत. "बघ रं, तू मला येडी म्हनत होतास. पाच सातशे." मी तिला वेडी कधीच म्हटलं नव्हतं, पण त्या दिवशी म्हटलं असतं तरी तिला चाललं असतं. तिने शिळफाट्याच्या बाजारातून पेढे घेतले, मला खायला लावले, एक डॉक्टरीणबाईंसाठी आत घेऊन गेली. मी गाडीतच होतो. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा पेढा तिच्या हातातच होता.

बाईंनी बाळाच्या पोटावर एका बाजूने टिचकी मारून दाखवलं होतं, दुसऱ्या बाजूला हात ठेवून. वजन बाळाचं वाढलं नव्हतं. पोटात पाणी भरत होतं. पाण्याचं वजन होतं ते.

"दोनदा," काकी गाडीत बसल्यावर म्हणाली. "दोनदा डोळ्याम्होरं होतं नि दोनदा मला त्ये ब्येस वाटलं." त्यानंतर ती कडावपर्यंत रडली. मला बाईमाणसाचं रडणं सहन होत नाही, मी सहसा काहीतरी फालतू बोलून ते थांबवतो. त्या दिवशी नुसती गाडी चालवली.

मे महिन्यात एका सकाळी ऋषिकेशचा फोन आला, आईंना घेऊन या. पुलापाशी मी गाडी हळू केली तर काकी म्हणाली, "पळव." पोचलो तेव्हा सुरभी हर्षलाच्या मांडीवर होती, डोळे अर्धे उघडे. काकीने हात पुढे केले. हर्षलाने दिलं नाही. दुपारी बाळ गेलं. तान्हं पोर, जाळत नाहीत, पुरलं. सगळं आटोपून परत आलो तेव्हा हर्षला ओसरीवर बसली होती. आईकडे न बघता म्हणाली, "आई, तू आता जा." आवाज चढवला नव्हता, त्यामुळे कुणाला मध्ये पडताही आलं नाही.

परत येताना उल्हासच्या पुलापाशी मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. सतरा वर्षांची सवय, हातापायांनीच केलं ते.

"का थांबलास रं?" काकीने विचारलं.

मला लाज वाटली. "चुकून," म्हटलं.

"चल," ती म्हणाली. "कुनाला हाक मारू?"

त्यानंतर काकीला कुणी सोबतीला बोलावलं नाही. जिची स्वतःची नात राहिली नाही, तिचा हात तान्ह्या बाळाला नको, असं आधी बायका हळू बोलायच्या, मग मोठ्याने बोलू लागल्या. ज्या बायांची बाळं तिच्या मांडीवरून सासरी पोचली, त्याच. आणि गंमत बघा, जिला गंमत म्हणवत नाही अशी, की आत्ताच तर तिला खरं काही कळलं होतं. सुनिताने तिला एकदा लसीच्या दिवशी अंगणवाडीत नेलं, बायकांना दोन शब्द सांगेल म्हणून. काकीने एवढंच सांगितलं, की शी पांढरी झाली तर त्याच दिवशी डाक्टरकडं जा, सव्वा महिना बघू नका. दोघी-तिघी पोरं घेऊन उठून गेल्या. पुढच्या वेळी सुनितालाच कुणीतरी सांगितलं, त्यांना आणू नका.

हर्षला अजून कडावला आलेली नाही. सदूकाका, काकीचा नवरा, म्हशीचं बघतो आणि फारसं बोलत नाही, तो आधीही बोलायचा नाही. काकी सकाळचं उरकून नाक्यावर येते, पानाच्या टपरीच्या पायरीवर बसते. गाडीत बाळ घेऊन कुणी बसलं की उठून खिडकीशी जाते. "डोळे दाव गं बाय. शी पिवळी होते ना?" काही जणी हो-हो म्हणून टाळतात. बाकीच्या काय करतात ते मी रोज बघतो. तिनेच शिकवलेलं करतात. बाळाच्या तोंडावर पदर ओढतात.

मागच्या आठवड्यात वंजारपाड्याकडची एक मुलगी बाळ घेऊन सासरी निघाली होती, सोबत तिची आई. काकी खिडकीशी आली, तिने विचारलं, आणि पदर ओढला गेला. काकीने काचेवर हात ठेवला. "एकदाच दाव, बघते नि जाते."

"गाडी काढ रं," मुलीची आई मला म्हणाली.

मी गाडी काढली. चार फाट्यावर त्यांनी भाकरीचा तुकडा टाकला. पुलाच्या अलीकडे मला थांबायला लावलं, इंजिन बंद करायला लावलं, आणि मुलीच्या आईने खिडकी खाली करून हाक मारली. "चल गं बाय, चल, पाठी राहू नको." तीच चाल, तिसरी तशीच लांबवलेली. आरशात मला पदर दिसत होता, बाळ दिसत नव्हतं.

मी मागे वळलो. "ताई, बाळाची शी पिवळी होते ना? नुसतं सांगा."

मुलगी आईकडे बघायला लागली. तिने तोंड उघडलं होतं, काहीतरी सांगणार होती.

"तू गाडी चालव," तिची आई म्हणाली. "बाळाचं आमी बघतो."

मी चावी फिरवली.